डाव्या कोपऱ्यातला हंगाम

मी कबड्डी खेळायचे असं सांगितलं की लोक आधी माझ्या दंडांकडे बघतात, मग साडीकडे. मग विचारतात, "म्हणजे शाळेत का?" शाळेत नाही हो, पगारावर. चाकणच्या एका कंपनीने मुलींचा संघ ठेवला होता आणि त्यात मी डावा कोपरा सांभाळायचे. सकाळी शेडमागच्या मॅटवर सराव, मग पॅकिंगला अर्धी शिफ्ट, आणि सामना असेल त्या दिवशी ती अर्धीही माफ. लाईनवरच्या बाकीच्या बायका आमच्यावर जळायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. खोकी उचलण्यापेक्षा पोरींना उचलून आपटणं केव्हाही मजेचं. आमचा करार फक्त एका हंगामाचा असतो आणि दर वर्षी आमचा जीव टांगणीला लागतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यात खेळणारी एकटी उभी राहत नाही. तिच्या शेजारी, जराशी पुढे, दुसरी असते आणि दोघींनी एकमेकींचा हात धरलेला असतो. समोरची पोर दम धरून चढाईला आली की हा हात सुटता कामा नये. या जोडीला आम्ही साखळी म्हणतो. माझ्या साखळीतली जोडीदारीण पुनावळ्याची होती. माझा उजवा हात आणि तिचा डावा. एवढे हंगाम आम्ही असे काढले की पुढे पुढे मी बघायचेच नाही. हात बाजूला केला की तिथे तिचा असायचा. तिच्या हातावरून मला कळायचं की ती घाबरलीय, चिडलीय, की नुसतीच उपाशी आहे. लग्नापासून नवऱ्याचा हात मी जितका धरला असेल त्यापेक्षा जास्त तिचा धरला होता. हे मी त्याला एकदा बोलूनही दाखवलं. "मग तिच्याशीच करायचं होतंस," तो म्हणाला, आणि परत टीव्हीकडे वळला.

तिला पगाराची गरज नव्हती. घरची शेतजमीन बिल्डरच्या टॉवरखाली गेली होती, दारात भावांच्या गाड्या उभ्या असायच्या. मी मोशीच्या भाड्याच्या फ्लॅटमधून दोन बस बदलून कंपनीत पोचायचे, तर हिला भाऊ गेटवर सोडायचा. एकदा मी तिला चिडून विचारलं, "तुला काय कमी आहे गं? कशाला इथे गुडघे फोडून घेतेस?" ती म्हणाली, "घरी बसले तर हळदीकुंकू अन् पावन्यांचा चहा. हितं पोरी भितात मला, राव." आणि हसली.

तो गुडघा त्याच हंगामात, सुरुवातीच्याच एका सामन्यात गेला. ती मातीवर वाढलेली. गावच्या मैदानात अनवाणी खेळलेली पोर घोटा धरायला घसरत जाते, कारण माती तिला घसरू देते. मॅट घसरू देत नाही. हे आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ होतं, तिलाही होतं, पण अंगाला कुठे माहीत असतं? बूट जागच्या जागी अडकला, अंग पुढे गेलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. माझा हात तेव्हाही तिच्या हातात होता. तिने तो इतका आवळला की माझी बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत सुजलेली होती.

ऑपरेशन झालं. तिचा करार त्याच आठवड्यात संपवला गेला. खेळाडू म्हणून घेतलंय, खेळता येत नाही, विषय संपला. मी रागारागाने मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. माणूस वाईट नव्हता, पण त्याची नजर सारखी कॉम्प्युटरवर, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. तो म्हणाला, "पुढच्या हंगामात तिला परत घेतो, माझा शब्द. पण आधी संघ तर राहू दे. वरच्यांना यंदा खर्च डोळ्यांवर आलाय. सेमीफायनलला पोचलात तर मी भांडू शकतो. नाही पोचलात तर सगळ्यांचंच पॅकिंग." त्याला त्यात विनोद दिसला असावा. मला नाही दिसला.

मी हे पुनावळ्याला जाऊन तिला सांगितलं. पाय उशीवर ठेवून ती पलंगावर बसली होती, पांढऱ्या खोलीत, एसीमध्ये, आणि इतकी केविलवाणी दिसत होती की मला तिचाच राग आला. माझं ऐकून ती ताठ झाली. "मंग जावा की सेमीला," ती म्हणाली. "मी करते पाय नीट." आणि तिने खरंच केला. दर वेळी जावं तर पायाला वाळूची पिशवी बांधून पाय वर, पाय खाली. घाम, शिव्या आणि परत पाय वर. आई चहा घेऊन आली की पिशवी चादरीखाली लपवायची. घरच्यांच्या मते हा नाद आता सुटला होता. संघ बंद पडला असता तर तो आपोआपच सुटणार होता, कारण दुसऱ्या कुठल्या संघासाठी तिला घरातून बाहेर पडू दिलं नसतं. हे तिने मला स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून मी प्रत्येक सामना तिच्यासाठी खेळले. असं बोललं की फार मोठं वाटतं, पण तसंच होतं.

तिच्या जागी कोकणातली एक पोर आली. चांगली होती, आणि तोच माझा त्रास होता. ती हात धरायची नाही, मनगट धरायची. पहिल्या सरावाला म्हणाली, "ताई, तुम्हाला चालेल ना?" मी म्हणाले, "नाही चालणार." आमच्या कोच सरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. "ती जोडीदार आहे तुझी, सवत नाही!" सगळ्या पोरी खो खो हसल्या, ती बिचारी खाली बघत राहिली. मग मी मनगट दिलं. आम्ही जिंकायलाही लागलो. एकेका सामन्यात तिने अशा पकडी केल्या की प्रेक्षक उठून उभे राहायचे. मी तिच्या पाठीवर थाप मारायचे आणि मला आतून वाईट वाटायचं. माणसाचं मन असं कुजकं असतं, काय करणार.

गटातला शेवटचा सामना भोसरीला होता. त्या संध्याकाळी बरोबरी झाली असती तरी आम्ही सेमीफायनलला जाणार होतो. पुनावळ्याहून ती आली. पायाला पट्टा, हातात काठी, भावाने तिला मॅटच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि तो बाहेर गाडीत जाऊन बसला. मला बघून तिने काठी उचलली.

सामना कसा झाला ते आता सलग आठवत नाही. शेवटचं आठवतं. गुण सारखे होते. समोरच्यांची शेवटची चढाई होती आणि आमच्या मॅटवर तिघीच उरल्या होत्या. उजवीकडे दोघी, डावीकडे मी एकटी. कोकणातली पोर आधीच्याच चढाईत बाद होऊन बाहेर बसली होती. काहीही करायचं नव्हतं. फक्त लांब राहायचं, अंगाला बोट लागू द्यायचं नाही, आणि वेळ संपू द्यायचा. सर घसा फाडून ओरडत होते, "सुट्ट्या राहा! सुट्ट्या!" मला ऐकू येत होतं. मला सगळं कळत होतं.

चढाईला आलेली पोर उजवीकडे झुकली, मग एकदम माझ्याकडे वळली. आणि माझा उजवा हात बाजूला गेला, जरासा पुढे, तळवा उघडा. मनगट नाही, तळवा. तिथे कुणी नव्हतं. त्या पोरीला तर विश्वासच बसला नसावा. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बोटांना टिचकी मारावी तसा स्पर्श केला आणि पळाली. एका गुणाने गेलो.

कपडे बदलायच्या खोलीत पोरी भिंतीकडे तोंड करून घाम पुसत होत्या. मॅनेजरसाहेब दारापर्यंत आले आणि आत न येताच परत गेले. कोकणातल्या पोरीने माझी बॅग भरली. मला बाहेर जायचं नव्हतं, कारण बाहेर ती होती. शेवटी तीच काठी टेकत आत आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. बराच वेळ पाय सरळ करत राहिली.

मग म्हणाली, "कुनाचा हात धराया गेलीस?"

मी बुटाची नाडी ओढली.

"तिचा, का माझा?"

"तुझा," मी म्हणाले. मला वाटलं होतं तिला निदान एवढं तरी कळायला हवं.

ती रडली नाही. माझा हात तिच्या हाताजवळच बाकावर होता, पण तिने तो घेतला नाही. बाहेर भाऊ हॉर्न वाजवत होता.

"तिचा म्हनायचंस की गं," ती म्हणाली. "आता माझ्यापायी संघ गेला, ह्ये घेऊन मी घरात कशी बसू?"