जंगलातच बंद पडणारी बस

“मॅडम, तुम्हाला जास्त काही करायचं नाही. ड्रायव्हरनं वायरिंगशी छेडछाड केली, एवढं लेटरहेडवर लिहून द्या,” शाळेचे हेडक्लार्क म्हणाले. मी बसचं बॉनेटही उघडलं नव्हतं.

नांदेडात माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं वर्कशॉप आहे. ही बस किनवटकडच्या एका निवासी शाळेची होती. महिन्याभरात चार वेळा जंगलातल्या रस्त्यावर थांबली. मीटरचे काटे शून्यावर, एक्सलरेटर दाबला तरी इंजिन रेटा घेत नाही. शेवटच्या वेळी वसतिगृहाच्या मुली दोन तास रस्त्यावर उन्हात बसल्या होत्या. संस्थेच्या सचिवसाहेबांनी ड्रायव्हर गंगाधरमामांना मेमो दिला: लांबची फेरी नको म्हणून मुद्दाम बस बंद पाडता, तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू.

“गावात कधीच बंद पडत नाही. नेमकी जंगलातच कशी पडते?” हेडक्लार्कांनी मला विचारलं, जणू खटलाच जिंकला.

मामा बाजूला उभे होते. “ताई, म्या फ्यूजला हातबी लावला न्हाई. अकरा वर्सं झाली गाडी चालवून राहिलो.”

“मामा, मला शपथ नको. स्टेपनीवर बसा, लागलं तर बोलावते,” मी म्हटलं.

स्कॅनर लावला. इंजिन, मीटर, ब्रेक, सगळ्यांची एकच तक्रार नोंदलेली: दुसऱ्याशी संपर्क तुटला. आजकालच्या गाडीत प्रत्येक भागाला छोटा कॉम्प्युटर असतो. ते एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात. सगळेच एकदम मुके झाले असतील तर दोष बहुधा एखाद्या कॉम्प्युटरचा नसतो, वायरींचा असतो. आधीच्या गॅरेजवाल्याने मात्र इंजिनचा कॉम्प्युटर बदलून दिला होता. कशाच्या आधारावर? अंदाजाने. वायरींना एक मल्टिमीटर लावायला याचा हात दुखतो काय?

मी बॅटरी काढली आणि त्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजला. साठ ओहम. लाइनच्या दोन्ही टोकांना एकशेवीसचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून साठ. म्हणजे लाइन ठीक.

“बघा, गाडी चांगली आहे,” हेडक्लार्क लगेच म्हणाले. “लिहा मग.”

“गाडी उभी आहे तोवर चांगली आहे. जंगलातला रस्ता कसा आहे, साहेब?”

“खड्डेच खड्डे.”

“मग खड्ड्यात जे होतं ते इथं करून बघू.”

मी मल्टिमीटर तसाच लावून ठेवला आणि मामांना हाक मारली. “वायरिंग मागून हलवत पुढं या. वीतभर हलवायचं, थांबायचं.” मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आकडा साठावरून हलला नाही. मामांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि आकडा थेट शून्यावर आला. हात काढला, पुन्हा साठ. तीन वेळा करून बघितलं.

डॅशबोर्डचं पॅनल उघडलं. दोन्ही वायरी टोचून सोललेल्या, वर साधी टेप, तीही गरमीने सुटलेली. हादरा बसला की उघड्या तांब्याच्या तारा एकमेकींना टेकायच्या. शेजारून एक नवी वायर वर काचेकडे गेली होती. मी तिच्यामागे गेले. ती सचिवसाहेबांच्या नावाच्या चमचमत्या एलईडी बोर्डात शिरली होती.

“हे कधी बसवलं?”

“मागल्या म्हैन्यात, साहेबाच्या वाढदिवसाला,” मामा म्हणाले. “कार्यकर्त्यांनी डेकोरेशनवाला आणला हुता. त्यो टेस्ट लॅम्पची सुई टोचून करंट हुडकीत हुता. म्या म्हन्लं, बाबा, तिथं नको टोचू. तर म्हने, मामा, तुम्ही स्टेअरिंग धरा.”

मी हेडक्लार्कांकडे बघितलं. ते मोबाइलमध्ये बघत होते.

वायरी जोडल्या, पिळल्या, वर स्लीव्ह चढवली. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्वतः बसून चाचणी घेतली. मग रिपोर्ट लिहिला: कुठे, काय, कशामुळे, किती ओहम. सोबत फोटो.

“मॅडम, बोर्डाचं कशाला? ‘बाह्य कारण’ लिहा की,” हेडक्लार्क हळूच म्हणाले.

“बोर्ड बाहेरून उडत येऊन बसला का?”

“साहेब नाराज होतील.”

“मुली उन्हात बसल्या तेव्हा झाले होते का?”

मी एक शब्द बदलला नाही. दोन प्रती काढल्या. एक हेडक्लार्कांना दिली, दुसरी त्यांच्यासमोरच मामांच्या हातात ठेवली. मामांनी ती खुलाशाला जोडली.

मेमो मागे घेतला नाही. ‘प्रकरण दप्तरी दाखल’ एवढा शेरा मारला. सॉरी हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. मामा त्याच फेरीवर आहेत आणि बस पुन्हा बंद पडलेली नाही.

तेव्हापासून मी रिपोर्टची एक प्रत न चुकता गाडी चालवणाऱ्याला देते. मालकाला दिलेली प्रत फाइलमध्ये जाते आणि मागितली की सापडत नाही.