समितीपुढची सात मिनिटं

बाईंनी एकवीस वर्षं महापालिकेच्या समितीच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून बैठकांची टिपणं घेतली. कोणता सभासद खरंच कान देतो आणि कोण नुसती मान डोलावतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. खोड एकच: न कळलेलं विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चहाच्या सुट्टीत त्या वक्त्याला गाठून विचारायच्या, "म्हणजे नेमकं काय?" कार्यालयात पाठीमागे सगळे त्यांना 'म्हणजेबाई'च म्हणत.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एक रसायनशास्त्रज्ञ समितीपुढे आले. शाळांच्या नळाच्या पाण्यात शिसं किती, हे त्यांनी मोजलं होतं. सोबत चोपन्न स्लाइड्स होत्या. दिलेली सात मिनिटं संपली तरी ते यंत्राची माहितीच देत होते. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.

बाईंनी त्यांना जिन्यापाशी गाठलं. "साहेब, शब्दन् शब्द उतरवून घेतला. पण मुलांनी उद्या ते पाणी प्यायचं की नाही?"

शास्त्रज्ञ थबकले. "हे मला कुणी विचारलंच नाही."

"तुम्हीही सांगितलं नाहीत."

रविवारी ते सराव करायला बाईंच्या घरी आले. ऐकायला समोर बाईंचे यजमान. पाचव्या मिनिटाला यजमानांनी वर्तमानपत्र उघडलं. बाईंचे प्रश्न मात्र थांबेनात. सकाळचंच पाणी जास्त वाईट का?

"रात्रभर पाणी जुन्या पाइपात साचून राहतं, शिसं त्यात उतरत जातं. म्हणून सकाळचा पहिला पेला सगळ्यात वाईट."

यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"अहो, आणि हे तुम्ही चौतिसाव्या स्लाइडवर नेऊन ठेवलंत?" बाईंनी कपाळाला हात लावला. "इथूनच सुरू करा. आणि म्हणा, शहरातल्या सगळ्या शाळांत हेच आहे."

"ते नाही म्हणणार. मी आठच शाळांतलं पाणी मोजलंय."

"अशानं तुमचं कोण ऐकणार?"

"नाही ऐकलं तरी चालेल. खोटं नाही बोलणार."

बाईंना राग आला. चहा होईपर्यंत त्या ओट्याशीच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत छातीठोक बोलणारे त्यांनी ढिगानं पाहिले होते, नंतर तोंडघशी पडलेलेही. परत येऊन त्या म्हणाल्या, "बरं. मग जे माहीत नाही, तेही तितकंच ठणकावून सांगा."

पुढच्या बैठकीला शास्त्रज्ञ एकच कागद घेऊन आले. पहिल्या पेल्यापासून सुरुवात, शेवटी दोन मागण्या: हे नळ बंद करा, जुने पाइप बदला. चार मिनिटांत संपलं.

"बाकीच्या शाळांचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंची पेन्सिल थांबली.

"माहीत नाही. पण तीन आठवडे द्या, मोजून सांगतो."

"इथे येऊन 'माहीत नाही' म्हणणारे तुम्ही पहिलेच," एक सभासद हसत म्हणाला, आणि पुढे वाकून त्यानं कागद ओढून घेतला.

आठ शाळांतले ते नळ त्याच आठवड्यात बंद झाले आणि बाकीच्या शाळांतलं पाणी मोजायचा आदेश निघाला. पाइप बदलायला मात्र दोन वर्षं गेली. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या, पण समितीपुढे जाणारे शास्त्रज्ञ आधी त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसू लागले. गेल्या आठवड्यात वटवाघळांचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती. तिची मागणी तासाभरात एका ओळीत बसली. तरी बाईंनी तिला सोडलं नाही. हजारोंच्या गर्दीत वटवाघूळ आपलं पिल्लू ओळखतं कसं, हे अजून ऐकायचं होतं.