पट्ट्यावरचा चिखल

मला वाचवलं ते गोडादऱ्यात गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या एका काकांनी.

कापडाच्या लूमचं काम सोडून शाळेच्या मुलांची ने-आण करायची, म्हणून मी जुनी छोटी गाडी बघायला गेलो होतो. माझी शाळा सातवीतच सुटली, गाडीतलं तर काहीच कळत नाही. दलाल गुजरातीत म्हणाला, "एकदम मस्त छे, भाई." तरी खात्री पटेना, म्हणून बायकोला फोन लावून अहिराणीत विचारत बसलो.

ते ऐकून शेजारच्या दुकानातले काका सुई शर्टाला टोचून उठले.

"कोनता गावना रे, भाऊ?"

"शिरपूरना."

त्यांनी गाडीचं दार उघडलं, वाकून सीटचा वास घेतला, मग सीट बेल्ट धरून ओढतच राहिले. मी बघत राहिलो, की हा माणूस शोधतोय तरी काय? शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेला चिखल निघाला.

"पुरात बुडालेली आहे. गाडी सगळे धुतात, पट्टा कोण धुतो?"

दलाल चिडला. "काका, तमे तमारी सीट सीवो ने!"

"सीटच शिवतो, म्हणून आतलं कळतं. आमच्या लिंबायतच्या घरात खाडीचं पाणी शिरलं, तेव्हा कपाटामागे हाच रंग होता." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वायरी सडल्या असतील. यात लोकांची पोरं बसवशील?"

मी नाव विचारेपर्यंत त्यांचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

चांगली गाडी मिळाली, की तिच्या सगळ्या सीटा त्यांच्याकडूनच शिवून घेईन. आणि भाव करणार नाही.