पट्टी भरेपर्यंत

कुरवंड्यातल्या माझ्या होमस्टेचं नेट बंद पडलं की सोमाटण्याहून तो नेट दुरुस्त करणारा पोरगा येतो. केबल दातानं सोलतो, चहा गार करूनच पितो आणि दोष कुणालाच देत नाही. "मावशी, केबल चांगली हाय, स्विचबी चांगला हाय. दोघांचं पटत न्हाई, एवढंच," असं म्हणतो, जणू दोन घरचं भांडण मिटवायला आलाय.

परवा मात्र केबल बदलूनही, सगळ्या खोल्यांना नेट वाटणारा तो स्वस्तातला स्विच चालेना. तेव्हा त्यानं लॅपटॉप जोडला आणि स्विचच्या आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, नव्यानं भरायला घेतला. मधेच वीज तुटली तर स्विच कायमचा मरतो. आमचं सॉकेट ढिलं, म्हणून तो स्विचचा प्लग हातानं दाबून बसला.

तेवढ्यात दगडी भिंतीतून विंचू निघाला आणि त्याच्या मनगटावर चढला. मी किंचाळले. विंचवानं नांगी मारली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, पण हात हलला नाही.

"वरडू नका मावशी. पट्टी कुटवर भरली, तेवढं बघा."

मी लॅपटॉपच्या पडद्यावर हळूहळू भरणारी पट्टी बघितली. "थोडीच राहिलीय," मी म्हणाले.

पट्टी भरली, हिरवे दिवे लागले, मगच त्यानं हात काढला.

लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याच्यावर ओरडल्या, "अहो, हात लगेच झटकायचा ना!"

"ह्यांच्या पावण्यांचं नेट गेलं असतं की," तो म्हणाला.

बाई माझ्याकडे वळल्या. "किती पाहुणे होते?"

त्या दिवशी माझ्या सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या.