इंजिनच नसलेली गाडी

किसुमू शहराच्या बाजारामागे अपोंदी बावीस वर्षं मोटरसायकलींची इंजिनं दुरुस्त करत आली होती. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, पाने-पकडी विकून टाक. तिने विकल्या नाहीत. नुसत्या आवाजावरून ती दुखणं सांगायची.

एका सकाळी ओगवेनो नवी भाड्याची मोटरसायकल ढकलत आला. माणसं-माल वाहण्यावर त्याचं पोट. अपोंदीने सवयीने गुडघे टेकले, झाकण उघडलं आणि तिचा हात हवेतच राहिला.

"अरे, हिचं इंजिन कुठाय?"

"विजेची आहे, मावशी. इंजिन नसतंच."

"आणि तेल?"

"तेही नाही."

तिने झाकण परत लावलं. अशा गाड्यांनी शहर भरलं तर इंजिनवाल्यांच्या या गल्लीने खायचं काय, असं तिच्या मनात आलं.

"इंजिन राहू दे गं, मागचा सांगाडा बघ. मक्याची दोन पोती टाकली, तर कडकन मोडला."

तिने तो जोडला आणि आतून जाड पट्टी मारली. मग रीघच लागली. दोन महिन्यांत एकोणीस गाड्या, सगळ्या एकाच जागी मोडलेल्या.

एका दुपारी या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची जीप दारात थांबली. कारखान्याच्या प्रमुख नेकेसाबाई उतरल्या.

"आमच्या गाड्यांना हात कुणी लावला?"

"मी लावला, मॅडम. पोरांची रोजी बुडत होती."

"तुम्ही जोडलेली एकही परत मोडली नाही. परदेशातून आलेले सांगाडे मात्र रोज मोडतायत. आता ते इथेच करायचेत, महिन्याला दोनशे नग. कराल?"

शेजारच्या दुकानातल्या इंजिनवाल्या ओकुमूने कोपर मारलं, तेव्हा कुठे अपोंदीच्या तोंडातून "हो" निघालं.

आज तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा जण काम करतात. त्यातले सात कालपर्यंत इंजिनवाले होते. ओकुमू मात्र आला नाही; दुकान बंद करून तो गावी निघून गेला. त्याला बोलवायला ती त्याच्या गावी गेली, त्याने मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि मासा वाढला.

"तुला हो म्हणायला लावलं खरं, पण ज्यांनी आपला धंदा मारला, त्यांचीच हाडं मी घडवू?" तो म्हणाला.

अपोंदी ताट तसंच ठेवून उठली आणि दुसऱ्या दिवशी शेड उघडायला वेळेवर हजर झाली.