नाव नीट न घेणारा म्हातारा

दुष्काळाच्या वर्षी मी देवळाली प्रवराहून राहुरीच्या शाळेत शिकवायला एस.टी.नं जायचो. खिडकीशी रोज एक म्हातारा असायचा. मळकं मुंडासं, ओठांवर कायम दोन बोटं. रस्त्यावरच्या पाट्या तो मोठ्यानं वाचायचा, पण एखादं अक्षर मुद्दाम फिरवून. केशकर्तनालयाचं केशकीर्तनालय, उपाहारगृहाचं उपहासगृह. 'स्वस्त धान्य भांडण' वाचलं तेव्हा कंडक्टरही खो खो हसला. म्हातारा मात्र कधीच हसायचा नाही. वाचून झालं की कुणी ऐकलं का, असं मागं बघायचा.

"बाबा, एकदा तरी नीट वाचा की," मी गमतीनं म्हणालो.

"न्हाई गुर्जी. माझ्या पोरांची नावं लई चांगली हुती. दारात उभं राहून नीट हाक मारायचो. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं, आन् एकामागं एक नेली. शेवटच्याला उकिरड्या म्हनलं. त्यो तेवढा राह्यला."

त्या संध्याकाळी माझ्या मुलीचं बारसं होतं. तिचं ठरलेलं नाव सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यानं ती दोन बोटं माझ्या ओठांवर ठेवली. भर वैशाखात ती गार लागली.

"हितं नगं," तो पुटपुटला. "त्यो बी गाडीतच असतो."

गाडीत चढताना मागचं बाकडं रिकामं दिसलं होतं. तरी मी वळून पाहिलं नाही.

मुलीला घरात आम्ही चिंधीच म्हणत आलो. तिच्या लग्नात भटजींनी वधूचं नाव विचारलं, तेव्हा मी ते त्यांच्या कानात सांगितलं.