परसाटोल्याची हाजिरी

चौबे कॉलोनीतून सकाळी सव्वाआठला स्कूटी काढणारी गोदावरी डाखोरे कधी कोणाला रस्ता विचारत नाही. वडील रेल्वेच्या नोकरीपायी अकोल्याहून रायपूरला आले; ती इथेच जन्मली, इथेच मास्तरीण झाली आणि सात वर्षांपासून संकुल समन्वयक आहे. म्हणजे शहराबाहेरच्या सहा खेड्यांतल्या सहा सरकारी प्राथमिक शाळा तिच्या नजरेखाली. आठवड्याचे सहा दिवस, सहा शाळा, प्रत्येकीचा वार ठरलेला. कुठलं छप्पर गळतं, कुठे तिसरीची पोरं धडाधड वाचतात, कुठल्या डाळीत नुसतं पाणी, हे ती कागद न पाहता सांगते. सहाही शाळांना आपण एकाच मापाने मोजतो, याचा तिला अभिमान.

यंदा नोव्हेंबरात वरून हुकूम आला. सहा शाळांचा तुलना-तक्ता करा. ज्या शाळेत प्रत्यक्ष पाहिलेली हाजिरी पंचवीसच्या खाली, ती शेजारच्या शाळेत मिळवून टाकायची.

तक्त्यात सगळ्यात खाली परसाटोला आलं. पटावर शेहेचाळीस, गोदावरीच्या शेवटच्या चार भेटींत हजर अठरा, एकवीस, सतरा, वीस. रजिस्टरात बाकीच्या दिवशी त्रेचाळीस, चव्वेचाळीस लिहिलेले. ते तिने खोटे धरले. शाळेच्या मास्तरीण शारदा दीदी एकदा म्हणाल्याही होत्या, "मैडम, बाकी दिन तो सब आते हैं."

"सब यही कहते हैं, दीदी," गोदावरी हसून म्हणाली होती आणि पुढच्या पानावर गेली होती.

शनिवारी तक्ता ऑफिसात गेला. त्या संध्याकाळी नवरा, भास्करराव, पोहे खाता खाता म्हणाले, "त्या शाळेतली पोट्टी आता कुठी जातीन?"

"नवागावले. तीनच किलोमीटर आहे."

"नहरावरच्या रस्त्यानं? तिथून रेतीचे डंपर जाऊन राहिले ना दिवसभर! पयलीतलं लेकरू चालन काय तिथून?"

गोदावरीने रिकाम्या ताटल्या उचलल्या.

सोमवारी ती शाळा मिळवायच्या कागदावर शारदा दीदींची सही घ्यायला परसाटोल्याला गेली. फाटकातून आत आली आणि थांबलीच. ओसरीखाली चपलांचा नुसता ढीग. आतून पाढे असे येत होते की पत्रे वाजावेत.

तिच्या मनात पहिलं आलं ते वाईटच. "दीदी, ये बच्चे कहाँ से भर के लाए? नवागाँव से?"

शारदा दीदींचा चेहरा उतरला. "रजिस्टर लीजिए, मैडम. आप ही पुकारिए."

गोदावरीने खुर्ची ओढली आणि एकेक नाव पुकारलं. प्रत्येक पोर उभं राहिलं, बापाचं नाव सांगितलं, आपला पारा, म्हणजे वस्ती, सांगितली. बेचाळीस. तिने मुद्दाम चौथीतल्या एका पोरीला वाचायला दिलं. पोरीने अख्खं पान न अडखळता वाचलं, वर मान वाकडी करून म्हणाली, "मेडम, तैं त बजार के दिन आथस!"

वर्ग खदखदून हसला. तुम्ही तर बाजाराच्या दिवशीच येता! गुरुवारी पलीकडच्या गावात हाट भरतो. परसाटोल्याची सगळी घरं भाजीवाल्यांची. त्या दिवशी मोठी पोरं आईबापासोबत टोपल्या घेऊन जातात, धाकटी त्यांच्या मागे.

गोदावरीचा दर गुरुवारी महाराजांचा उपवास असतो. संध्याकाळच्या आरतीला वेळेवर घरी पोचावं, म्हणून तिने सगळ्यात जवळची शाळा त्या दिवसाला लावून घेतली होती. सात वर्षं.

"दीदी, मले हे आधी काहून नाही सांगितलं?" घाईत ती मराठीतच बोलून गेली. शारदा दीदींना अर्थ कळला.

"आप केला खाकर रहती थीं उस दिन, मैडम. पूजा का दिन है आपका. हम कैसे कहते कि मत आइए?"

गोदावरी उठली ती सही न घेताच. स्कूटी तिने घराकडे नाही, सरळ ऑफिसकडे वळवली. उपवास देवाचा होता, पण दिवस तिने आपल्या सोयीने शाळेवर लादला होता, आणि हे देवाच्या खात्यात ढकलायची तिची मुळीच तयारी नव्हती.

ऑफिसातले साहेब चष्म्यावरून पाहू लागले. "गोदावरीजी, तक्ता आगे चला गया. आपकी ही कलम है. अब बदलेंगी तो स्पष्टीकरण आप ही से माँगा जाएगा. सर्विस फाइल में लगेगा."

"लगने दीजिए, सर. बुधवार को आप खुद चलिए. गिनती आप कीजिए, मैं बाहर बैठूँगी."

बुधवारी साहेब गेले. गोदावरी खरंच बाहेर कडुनिंबाखाली बसली. साहेबांनी स्वतः मोजले चव्वेचाळीस. दुपारी परसाटोल्याचं नाव यादीतून कापलं गेलं, आणि गुरुवारी शाळा सकाळी सात ते दहा भरवावी, हा गोदावरीचा अर्जही त्याच फायलीत लागला. हाट दहानंतर चढतो, तेव्हा पोरांना दोन्ही जमतं.

स्पष्टीकरणाची चिठ्ठी मात्र आलीच. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिली. ऑफिसातला बाबू भार्गव आपलेपणाने म्हणाला, "दीदी, तबीयत का लिख दीजिए. गाड़ी खराब थी, कुछ भी. सब ऐसा ही लिखते हैं."

"भैया, गाड़ी मेरी एकदम फर्स्ट क्लास है," गोदावरी म्हणाली, आणि त्याच्याच पेनाने त्याच्याच टेबलावर लिहिलं: निरीक्षण का दिन मैंने अपनी सुविधा से तय किया था. शाला का कोई दोष नहीं. खाली ठसठशीत सही केली.

भार्गवने वाचलं. "बस, इतनाच?"

"इतनाच. ठप्पा मारो, मुझे नवागाँव के स्कूल पहुँचना है."